अस्थिभंजक पेशी आणि खनिजांचा अंमल

धाड हे आमचे गाव बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वऱ्हाडच्या अगदी कडेला वसलेले आहे. येथून थोड्याच अंतरावर भोकरदन तालुक्याची हद्द लागते आणि १९४८ पर्यंत त्या हद्दीपलीकडे निजामाचा अंमल होता. हद्दी बदलल्या, दप्तरे बदलली, परंतु दोन्ही मुलुखांच्या खालचा काळा पाषाण एकच राहिला, आणि त्या पाषाणातून झिरपून विहिरींना येणारे पाणीही एकाच जातीचे राहिले. त्या पाण्याला आमच्याकडे ‘जड पाणी’ म्हणतात; त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ज्या तपेल्यात ते रोज तापवावे त्याच्या बुडाला वर्षभरात बोटाच्या पेराइतका पांढरा, खरखरीत थर धरतो. माझी आई दिवाळीच्या आधी त्या तांब्याच्या तपेल्यात चिंचेचा दाट कोळ ओतून ते रात्रभर तसेच ठेवीत असे. सकाळी त्या थराचा चिखल झालेला असे आणि नारळाच्या शेंडीने दोन हात मारताच खालचे तांबे लख्ख उघडे पडत असे. पाण्यातल्या कॅल्शियमने चढवलेला थर आम्लाने उतरवायचा, एवढेच त्यातले रसायनशास्त्र. परंतु आपल्या देहात, हाडांच्या पृष्ठभागावर, अहोरात्र नेमके हेच काम करणारी एक पेशी आहे आणि आईच्या तपेल्याशी तिचे नाते उपमेपुरते नाही, हे मला प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावर पुष्कळ वर्षांनी उमगले. गेल्या पावसाळ्यात आई ओसरीवरून घसरली, खुब्याचे हाड मोडले, आणि त्या पेशीविषयी जे काही वाचले होते ते सर्व पुन्हा एकवार नीट मांडून पाहण्याची निकड मला वाटू लागली.

या पेशीला ‘अस्थिभंजक’ हे नाव शोभते. स्वित्झर्लंडात जन्मलेले आणि वुर्झबर्ग येथे अध्यापन केलेले शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी १८७३ मध्ये हाडांच्या झिजेवरील आपल्या ग्रंथात तिला ऑस्टिओक्लास्ट म्हटले, आणि तेच नाव जगभर रूढ झाले. सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा पातळ छेद ठेवून पाहिला की ती लपत नाही: आजूबाजूच्या पेशींच्या मानाने अवाढव्य, पोटात पाच-दहापासून वीसपर्यंत केंद्रके बाळगणारी, आणि हाडात स्वतःच कोरलेल्या उथळ खळग्यात पालथी पडलेली. ती हाडात जन्मत नाही. रक्तातील एककेंद्रकी भक्षक पेशींच्या कुळातील अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन ती बनते. हाडाला चिकटल्यावर ती आपल्या कडेने प्रथिनतंतूंचे एक कडे घट्ट दाबून बसवते, जेणेकरून तिच्या खालची जागा बाहेरच्या द्रवापासून पूर्णपणे तुटावी; मग त्या बंद जागेत ती हायड्रोजनचे भारित कण पंपाने ढकलते, त्यांच्या जोडीला क्लोराइड सोडते, आणि आम्लता साडेचार सामूपर्यंत नेते. त्या आम्लात हाडाचे खनिज विरघळते, आणि उघडे पडलेले कोलॅजेन कॅथेप्सिन-के नावाच्या विकराने छाटले जाते. आईच्या तपेल्यात चिंच आणि नारळाची शेंडी ही दोन वेगळी साधने लागत. निसर्गाने ती दोन्ही एकाच पेशीच्या हाती दिली आहेत.

या पेशीला शत्रू समजण्याची चूक मात्र करू नये. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. अस्थिभंजक पेशी एखाद्या जागी सुमारे तीन आठवडे खणतात, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या अस्थिजनक पेशी तो खड्डा भरून काढायला तीन-चार महिने घेतात. काही अर्भके जन्मतःच अशी असतात की त्यांच्या अस्थिभंजक पेशींचा आम्लपंप किंवा क्लोराइडचा मार्ग सदोष असतो. त्यांची हाडे क्ष-किरणांत संगमरवरासारखी शुभ्र व घट्ट दिसतात, मज्जेला जागा उरत नाही, आणि एवढी घट्ट हाडे काचेसारखी तडकतात. झीज थांबली म्हणजे हाड बळकट झाले, हा समज या एका विकाराने कायमचा निकालात काढायला हवा होता. तो निघाला नाही, आणि खनिजांच्या साऱ्या इतिहासात पुनःपुन्हा तोच समज नव्या नावाने उभा राहिलेला दिसतो.

या पेशींचा जन्म आणि त्यांची संख्या यांवर प्रथिनांचे नियंत्रण असते, हे १९९७-९८ या दोन वर्षांत स्पष्ट झाले. अस्थिजनक कुळातील पेशी एक संदेश-प्रथिन बाहेर धरतात, आणि ते रक्तातल्या पूर्वज पेशीच्या ग्राहकाला भिडले की अस्थिभंजक पेशी घडू लागते. त्याच वेळी दुसरे एक प्रथिन त्या ग्राहकाचा तोतया बनून मध्ये उभे राहते आणि संदेश स्वतःच गिळून टाकते. खऱ्या संदेशाचे आणि तोतयाचे प्रमाण काय, यावर हाडाचा बराचसा जमाखर्च अवलंबून असतो. परंतु हुकूम कोणाचाही असो, पेशीला काम करायचे असते ते खनिजावर, आणि खनिजांनी भारलेल्या द्रवात. म्हणून तिच्यावर खनिजांचा जो अंमल चालतो तो या हुकमांच्या जोडीने, आणि कधी कधी त्यांना डावलूनही चालतो.

सर्वांत साधा अंमल आम्ल-अल्कलीचा. टिमोथी अर्नेट आणि डेव्हिड डेम्पस्टर यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या अस्थिभंजक पेशी हाडाच्या चकत्यांवर ठेवून दाखवून दिले की भोवतालच्या द्रवाचा सामू ७.४ च्या आसपास असताना या पेशी जवळजवळ स्वस्थ बसून राहतात, आणि तो थोडासा उतरताच त्यांची खोदाई कैक पटींनी वाढते. मूत्रपिंडे आम्ल बाहेर टाकीनाशी झाली की हाडे का विरतात, याचा बराचसा उलगडा येथे होतो. या निष्कर्षाला उलट्या बाजूने दुजोरा मिळाला तो १९९४ मध्ये: अँथनी सेबॅस्टियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या १८ स्त्रियांना अठरा दिवस पोटॅशियम बायकार्बोनेट दिले, तेव्हा मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम कमी झाले आणि हाड विरल्याच्या खुणाही उतरल्या.

बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात येथे लोणारचा विचार आल्यावाचून राहत नाही. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील सरोवर अल्कलीने इतके भारलेले आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. तेथील क्षारांचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त काच आणि साबण यांच्या संदर्भात आला आहे, आणि पुढेही ते क्षार काढण्याचे मक्ते दिले जात असत. आमच्या भागात उडदाच्या पिठात जो पापडखार मिसळतात त्याचे कुळही हेच. परंतु खार म्हणजे अल्कली, आणि अल्कली हाडाला हितकर, म्हणून खार खावा, असे अनुमान कोणी काढील तर ते घातक ठरेल. कारण लोणारचा क्षार हा सोडियमचा आहे, आणि पोटात अधिक गेलेले सोडियम मूत्रातून बाहेर पडताना आपल्यासोबत कॅल्शियम ओढून नेते. सेबॅस्टियन यांनी पोटॅशियमचे लवण निवडले ते याचसाठी. एकाच बायकार्बोनेटचा जोडीदार बदलला की हाडावरचा परिणाम फिरतो, ही गोष्ट खनिजांविषयी सरसकट बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कॅल्शियमचे वर्तन तर याहून विलक्षण. देहातील ९९ टक्के कॅल्शियम हाडात, फॉस्फेटाच्या संगतीने, ॲपेटाइट स्फटिकांच्या रूपात असते, आणि उरलेला अत्यल्प अंश द्रवांत खेळतो. ऐंशीच्या दशकात अतिसूक्ष्म अग्रांनी मोजमाप केले असता आढळले की खोदणाऱ्या अस्थिभंजक पेशीच्या पोटाखालच्या बंद जागेत कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवाच्या तीसपटींहूनही वर, लिटरमागे ४० मिलिमोलपर्यंत चढते. पुढे लखनौत वैद्यक शिकलेल्या मोने झैदी यांनी, आणि इतरही संशोधकांनी, दाखवून दिले की पेशीला या वाढत्या कॅल्शियमची जाणीव होते, आणि ती झाली की तिची पकड सुटते, खोदाई मंदावते. जी वस्तू ती खणून काढते तीच वस्तू साचली की तिला थांबण्याची सूचना मिळते. खड्डा अमर्याद खोल का होत नाही, याचे निदान एक कारण हे आहे. रक्तातील कॅल्शियम उतरले तर मात्र घशाजवळील परावटू ग्रंथी जागी होते आणि तिच्या स्रावामुळे अस्थिभंजक पेशींची संख्या वाढते. म्हणजे पोटात कॅल्शियम कमी गेले तर देह त्याची वसुली हाडातून करतो. ज्वारीची भाकरी आणि वरण यांवर दिवस काढणाऱ्या, दुधाचा थेंबही वाट्याला न येणाऱ्या घरात ही वसुली वर्षानुवर्षे चालू असते, आणि ज्वारीतील फायटेट आतड्यातच कॅल्शियम व जस्त बांधून ठेवत असल्याने तिचा बोजा वाढतो.

फॉस्फेटाच्या कथेने तर आधुनिक वैद्यकाला एक संपूर्ण औषधकुल दिले, आणि तिची सुरुवात आईच्या तपेल्याशी इतकी जवळची आहे की तिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. पाणी तापवण्याच्या यंत्रांत व नळांत थर धरू नये म्हणून पाण्यात बहुफॉस्फेटे मिसळण्याची रीत कारखान्यांत जुनीच होती. अत्यल्प मात्रेतही ती कॅल्शियमच्या नव्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतात. स्विस वैद्य हर्बर्ट फ्लाइश यांनी साठच्या दशकाच्या आरंभी प्रश्न विचारला तो असा, की आपल्या रक्तात आणि मूत्रात कॅल्शियम व फॉस्फेट एवढ्या प्रमाणात असूनही देहभर असाच थर का धरत नाही? उत्तर पायरोफॉस्फेटात सापडले. दोन फॉस्फेटे ऑक्सिजनच्या एका अणूने जोडलेला हा साधा संयुगी पदार्थ मूत्रात व रक्तात आढळला, आणि तो स्फटिकांची वाढ रोखतो हेही दिसले. तो औषध म्हणून द्यावा तर विकर त्याचे क्षणात तुकडे करतात. तेव्हा मधला ऑक्सिजन काढून त्या जागी कार्बन बसवलेली संयुगे फ्लाइश आणि ग्रॅहम रसेल प्रभृतींनी तपासली. ही संयुगे, म्हणजे बिसफॉस्फोनेटे, रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासूनच ठाऊक होती. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असे दिसले की ती स्फटिकांची वाढ तर रोखतातच, शिवाय हाडाचे विरघळणेही थांबवतात.

का थांबवतात, हे कळायला आणखी तीस वर्षे जावी लागली. प्रथम समजूत होती की औषध खनिजावर कवच चढवते. परंतु खरा प्रकार निराळा निघाला. बिसफॉस्फोनेट हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून वाट पाहत राहते. अस्थिभंजक पेशी येऊन आम्ल सोडते तेव्हा ते सुटे होते आणि तिने खाल्लेल्या हाडासोबत तिच्याच पोटात जाते. आणि त्यातील नायट्रोजनयुक्त प्रकार मेव्हॅलोनेट मार्गावरील एक विकर बंद पाडतात, ज्यावाचून पेशीचे कडे आणि तिचा पंप यांना लागणारी प्रथिने जागेवर बसत नाहीत. जी पेशी खात नाही तिला विष लागत नाही. इतका नेमका निवाडा औषधांच्या जगात क्वचितच आढळतो. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले अ‍ॅलेन्ड्रोनेट आणि वर्षातून एकदा शिरेवाटे दिले जाणारे झोलेड्रोनेट यांनी मणक्यांचे व खुब्याचे असंख्य अस्थिभंग टाळले आहेत, हे निःसंशय. तथापि हे औषध हाडात वर्षानुवर्षे मुक्काम करून राहते, आणि झीज फार काळ रोखून धरली तर मांडीच्या हाडाचे चमत्कारिक आडवे भंग व जबड्याच्या हाडाचा मृत्यू हे विरळ परंतु गंभीर प्रकार दिसतात. म्हणून काही वर्षांनंतर औषधाला विश्रांती देण्याची पद्धत पडली आहे. संगमरवरी हाडांच्या अर्भकांची आठवण येथे पुन्हा होते.

आता फ्लोराइडाकडे वळतो, आणि हा भाग मी तटस्थपणे लिहू शकत नाही. विदर्भ आणि मराठवाड्यात, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत, बोअरच्या पाण्यातून येणाऱ्या फ्लोराइडाने दात पिवळसर-तपकिरी झालेली मुले आणि पाठीचा कणा ताठ होऊन मान वळवता न येणारी माणसे दिसतात. या व्याधीचे हाडांवरील स्वरूप आपल्या देशात प्रथम तपशिलाने वर्णिले गेले ते १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून, शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांकडून. फ्लोराइड ॲपेटाइटमधील हायड्रॉक्सिलची जागा घेते. स्फटिक मोठे, अधिक सुघटित आणि आम्लात कमी विरघळणारे बनतात, म्हणजे अस्थिभंजक पेशीला ते पचवायला जड जातात. त्याच वेळी ते अस्थिजनक पेशींना चेतवते. दोन्ही बाजूंनी हाड वाढलेच पाहिजे. आणि ते वाढतेही. म्हणूनच साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य वैद्यांनी ठिसूळ हाडांवर सोडियम फ्लोराइडाचे औषध मोठ्या आशेने वापरून पाहिले. लॉरेन्स रिग्ज यांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०२ स्त्रिया होत्या, मात्रा रोज ७५ मिलिग्रॅमची होती आणि मुदत चार वर्षांची. कण्याच्या हाडाची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, कण्याचे भंग मात्र उल्लेखनीय असे घटले नाहीत, आणि कण्याबाहेरचे भंग फ्लोराइड न घेतलेल्या गटातल्या २४ च्या जागी ७२ झाले. जे नेल्लोरच्या शेतकऱ्याने स्वतःच्या पाठीवर सोसले होते, तेच येथे आकड्यांत उतरले.

आमच्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. मीरतचे तेवतिया दांपत्य आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांच्या सत्तरच्या दशकातील निरीक्षणांतून असे दिसले की ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांच्यावर फ्लोराइडाचा घाला वेगळ्या प्रकारे पडतो: नव्या हाडाकडे कॅल्शियम ओढले जाते, रक्तातले उतरते, परावटू ग्रंथी चेतते, आणि अस्थिभंजक पेशी अन्यत्र हाड खाऊ लागतात. एकाच देहात कणा दगडासारखा आणि हातापायांची हाडे विरळ. तरुण मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आदळू लागतात. प्रयोगशाळेत जो क्षार अस्थिभंजक पेशीला अडवतो तोच क्षार भुकेल्या देहात तिला मोकाट सोडतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे आहे; परंतु दिवसभर उन्हात राबून पाच-सहा लिटर पाणी पिणाऱ्या मजुराच्या पोटात किती जाते, हा हिशेब त्या आकड्यात मावत नाही, आणि त्याच्या ताटात दूध, तीळ, नाचणी किती हेही मावत नाही. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नालगोंडा पद्धती’ ही नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेची देणगी. बादलीत करता येईल इतकी ती सोपी आहे, परंतु मात्रा चुकली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरते, म्हणून ती हिशेबाने वापरावी लागते.

बाकीच्या खनिजांविषयी थोडक्यात. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे भावंड. त्याचे रॅनिलेट लवण एकाच वेळी भंजन रोखते व जनन वाढवते अशी त्याची ख्याती झाली, २००४ च्या मोठ्या चाचणीत कण्याचे भंग कमीही झाले, परंतु पुढे हृदयाला धोका दिसल्याने युरोपात त्याच्यावर निर्बंध आले आणि २०१७ मध्ये उत्पादकाने ते बंद केले. त्याचा अणू जड असल्याने क्ष-किरणांच्या यंत्रात हाड प्रत्यक्षाहून घन भासते, हा धडा फ्लोराइडाच्या धड्याशी जुळतो. गॅलियम नायट्रेट कर्करोगातील कॅल्शियमवाढीवर १९९१ पासून वापरात आले आणि मागे पडले. जस्त प्रयोगशाळेत अस्थिभंजक पेशींची घडण मंदावते. मॅग्नेशियमची उणीव झाली की प्राण्यांत त्यांची संख्या वाढते. कॅडमियम मात्र निखालस वैरी: जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी खाणीतून आलेल्या कॅडमियमने भाताची खाचरे दूषित झाली, मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे मऊ पडली, आणि नुसत्या खोकल्याने बरगड्या मोडणाऱ्या स्त्रियांच्या विव्हळण्यावरून त्या व्याधीला ‘इताई-इताई’ नाव पडले, सरकारने ती प्रदूषणजन्य म्हणून १९६८ मध्ये मान्य केली.

आयुर्वेदातील शंखभस्म, प्रवाळभस्म, मुक्ताशुक्ती यांविषयी मला नेहमी विचारतात. त्यांतील मुख्य द्रव्य कॅल्शियमचेच आहे, आणि ज्याच्या आहारात ते कमी आहे त्याला त्याचा उपयोग होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या भस्मात पारा वा शिसे आहे ते हाडासाठी घेऊ नये, असे मी आप्तांना निक्षून सांगतो, कारण शिसे हाडात साठते आणि हाड विरू लागले की पुन्हा रक्तात येते.

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी आधी ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियमची उणीव भरून काढली, कारण रक्तातले कॅल्शियम उतरलेले असताना हाडाची झीज रोखली तर ते आणखी उतरते. आणि मग आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सुरू केली. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास ताठ बसून घ्यायची. दुधासोबत नाही, चहासोबत नाही. कारण कॅल्शियम दिसले की ती गोळी त्यालाच मिठी मारते आणि आतड्यातून आत शिरत नाही. मी आईला हे समजावून सांगत असताना तिने विहिरीच्या पाण्याने भरलेला पितळी पेला उचललाही होता. तिचा हात धरून मी तो परत ठेवला, आणि गाळणीच्या यंत्रातून क्षार काढलेले पाणी आणून दिले.

“याला काही चवच नाही रे,” एक घोट घेऊन ती म्हणाली, आणि गोळी गिळून भिंतीला टेकून अर्धा तास ताठ बसली.